नांगराखालचा बेडूक, पठारावरचा सरडा, उसातला बिबट्या

प्रश्न : मे महिन्यात खाचर नांगरताना वीतभर खाली मोठा बेडूक निघाला. डोळे मिटलेले, हालचाल नाही. मेला समजून बांधावर ठेवला, तर संध्याकाळी जागेवरून सरकलेला दिसला. हा काय प्रकार? (सावंतवाडी)

तो झोपलेला होता. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीसुद्धा तो तोंडाने पीत नाही, कातडीतूनच ओढतो. त्यासाठी कातडी ओली लागते, आणि ओल्या कातडीतून पाणी सतत उडून जातं. कोकणातल्या एप्रिल-मेच्या उन्हात असं अंग घेऊन वर फिरणं म्हणजे मरण. म्हणून तो ओल असेल तिथवर मातीत शिरतो. हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावतात, आणि पावसाळ्यात अंगात साठवलेल्या चरबीवर तो महिने काढतो. पुन्हा सापडला तर सावलीतल्या ओलसर मातीत ठेवा आणि वर हलकी माती लोटा.

तुम्हाला सापडला तो बहुधा बुलफ्रॉग. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याचे नर पिवळेधम्मक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात आणि रात्रभर डराव डराव चालतं. डबकी कधी आटतील याचा नेम नाही, म्हणून अंडी घालण्याचं काम थोड्याच दिवसांत उरकायचं असतं. त्यांची पिल्लं दुसऱ्या बेडकांची पिल्लं खाऊन भराभर वाढतात, प्रसंगी आपल्याच भावंडांनाही सोडत नाहीत. नेमक्या याच रात्री माणसं बॅटऱ्या घेऊन तंगड्यांसाठी बेडूक पकडायला निघतात, याचं मला फार वाईट वाटतं. तंगड्यांची निर्यात १९८७ मध्येच बंद झाली. गावातली शिकार मात्र आपणच थांबवायला हवी. अंडी घालण्याआधी मादी मारली की त्या डबक्यातली एक पिढीच गेली.

प्रश्न : उंटाच्या वशिंडात पाणी असतं का? (पुण्याहून चौथीतली एक वाचक)

नाही, चरबी असते. बहुतेक चरबी एका जागी पाठीवर ठेवल्यामुळे बाकीच्या अंगातून उष्णता सहज बाहेर पडते. पाणी तो वेगळ्या तऱ्हेने वाचवतो. तहानलेला असताना तो अंगाचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४१ पर्यंत चढू देतो, त्यामुळे घाम गाळायची वेळ उशिरा येते. तुला एवढा ताप आला तर आई लगेच डॉक्टरकडे नेईल!

प्रश्न : पवनचक्क्यांमुळे पक्षी कमी होतात असं वाचलं. जमिनीवरच्या प्राण्यांना तर त्यांचा त्रास नसेल ना? (सातारा)

याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पठारावर मिळालं आहे. तिथे गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला सरडा राहतो. २०१६ मध्ये त्याला 'सरडा सुपर्बा' हे शास्त्रीय नाव मिळालं. त्यातला 'सरडा' आपल्या मराठीतलाच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि हे सरडे कितीतरी जास्त.

वरवर पाहता सरड्यांचं भलंच झालं. पण गर्दीमुळे खाण्याची ओढाताण वाढली आणि सरडे रोडावले. नरांच्या पंख्याचे रंग फिके पडले. रक्तातलं ताण दाखवणारं संप्रेरक उतरलं, आणि माणूस बराच जवळ गेला तरी ते पळेनासे झाले. सरड्याचा रंग, भीती, भूक या सगळ्यांना आभाळातल्या घारी-शिक्र्यांनी आकार दिलेला असतो. घार उडाली, की खाली गवतात सरडा बदलतो.

प्रश्न : बिबट्याने आता उसालाच जंगल मानलंय. तोडणीत पिल्लं सापडतात. सगळे पकडून दूर जंगलात का सोडत नाहीत? (जुन्नर तालुका)

तुमची भीती खरी आहे. तुमच्या भागात माणसं, मुलं गेली आहेत.

बिबट्याच्या शरीरात मात्र नवं काही झालेलं नाही. दबा धरणं, रात्री फिरणं, उंदरापासून वासरापर्यंत मिळेल ते खाणं, हे त्याचं जुनंच. आपण त्याला वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं दाट पीक दिलं, पाटाचं पाणी दिलं, आणि वस्तीभोवती मोकाट कुत्री. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच माहेर.

दूर सोडण्याचा प्रयोग तुमच्याकडेच होऊन गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात पकडलेले बिबटे लांबच्या जंगलांत सोडले, आणि जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं आहे. परक्या मुलखात टाकलेलं जनावर भेदरतं, आपल्या जागेकडे परतू पाहतं. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच. माणसावर हल्ले करणारं जनावर पकडावंच लागतं, पण दिसला म्हणून प्रत्येकाला उचलणं मला चूक वाटतं. त्यापेक्षा गोठा चारही बाजूंनी बंद करा, उकिरडा आणि मोकाट कुत्री कमी करा, अंधारात मुलांना एकटं बाहेर पाठवू नका.

तोडणीत पिल्लं दिसली तर त्या बाजूचं काम तिथेच थांबवा. आई जवळपास असू शकते, म्हणून सगळ्यांनी मागे सरा. पिल्लांना हात लावू नका आणि १९२६ वर वनविभागाला कळवा. त्यांची माणसं पिल्लं तपासून त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि बहुतेकदा आई रात्री येऊन घेऊन जाते. त्या रात्री बॅटरी किंवा मोबाइल घेऊन कुणी बघायला जाऊ नका.