अंतर्गत गुण निदेशकांच्या मर्जीवर असतात का?

आयटीआयच्या (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या) पहिल्या वर्षातील प्रशिक्षणार्थी आणि त्यांचे पालक माझ्याकडे सर्वांत अधिक वेळा एकच चिंता घेऊन येतात. लेखी परीक्षेचे त्यांना फारसे भय नसते, पण वर्षभराचे अंतर्गत गुण निदेशकांच्या, म्हणजे कार्यशाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या, हातात असल्यामुळे त्यांचे मन आपल्यावर बसले नाही तर वर्ष वाया जाईल, असे त्यांना वाटत राहते. ही भीती निराधार आहे असे मी कोणालाही सांगत नाही. दहावीच्या बोर्डाची उत्तरपत्रिका अनोळखी परीक्षकाकडे जाते. इथे मात्र गुण देणारी व्यक्ती रोज सकाळी कार्यशाळेत समोर उभी असते, आणि तिच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ गुणांशी जोडण्याची सवय मुलांना लागते.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून एका मुलाची हकीकत इथे देते. तो फिटर (धातूचे भाग घडवून जोडणारा कारागीर) या दोन वर्षांच्या व्यवसायात, म्हणजे ट्रेडमध्ये, पहिल्या वर्षाला होता. दहावीला त्याला ऐंशी टक्क्यांहून अधिक गुण होते, तरी घरच्या परिस्थितीमुळे त्याने आयटीआयला प्रवेश घेतला होता. वर्ष निम्मे सरता सरता त्याच्या दोन जॉबना, म्हणजे कार्यशाळेत बनवायला दिलेल्या वस्तूंना, साठ टक्क्यांहून कमी गुण मिळाले, तेव्हा आई त्याला घेऊन आली. "मॅडम, ज्याला दहावीला जेमतेम चाळीस टक्के होते, त्याला याच्यापेक्षा जास्त मिळतात. हे कसे?" असे तिने विचारले. मुलगा खाली पाहत एवढेच म्हणाला, "सरांची मुले ठरलेली आहेत."

मी त्याला पुढच्या भेटीला ते दोन्ही जॉब आणि प्रात्यक्षिकाची वही घेऊन यायला सांगितले. मधल्या काळात दोघांनाही मूल्यमापनाची रचना समजावून सांगितली, कारण बहुतेक घरांत ती कोणालाच ठाऊक नसते. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय चाचणी होते आणि तिच्या लेखी विषयांत उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण पुरतात. परंतु व्यवसाय प्रात्यक्षिक आणि वर्षभराचे अंतर्गत मूल्यमापन यांत मात्र ६० टक्के लागतात. शेवटच्या महिन्यात रात्री जागून अभ्यास केला की निभते, हा शाळेत पक्का झालेला अनुभव इथे उपयोगाला येत नाही, कारण अंतर्गत गुण रोजच्या कामातून साचत जातात. जॉबची अचूकता आणि नीटनेटकेपणा, तो करताना लागलेली मदत, सुरक्षिततेचे नियम पाळणे, सामग्री वाया न घालवणे, इतरांबरोबर मिळून काम करणे आणि नियमित हजेरी, हे सगळे त्यात मोजले जाते. त्याचा पुरावा म्हणून केलेले जॉब, नोंदवही, तोंडी परीक्षा, प्रगतीतक्ता आणि हजेरीची नोंद संस्थेने जपून ठेवायची असते. अंतिम प्रात्यक्षिकाला येणाऱ्या बाह्य परीक्षकानेही गुण देण्यापूर्वी ही वैयक्तिक नोंद पाहावी, अशी अपेक्षा अभ्यासक्रमात लिहिलेली आहे. निदेशकांचे मत त्यात असतेच, पण ते कशाच्या आधारावर बनले हे तपासता येते.

पुढच्या भेटीत मुलाने जॉब टेबलावर ठेवले. मी स्वतः फिटर नाही, म्हणून त्यालाच मोजून दाखवायला सांगितले. सुरुवातीच्या कामांत ±०.२५ मिमीपर्यंतचा फरक चालतो. ट्राय स्क्वेअर हा काटकोन तपासणारा गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरल्यावर दोन्ही कडांशी फट दिसत होती, म्हणजे फाईल (कानस) मारताना हात डुलल्यामुळे पृष्ठभाग मध्ये फुगला होता. व्हर्निअर या मोजमापाच्या उपकरणाने घेतलेली मापेही एका बाजूला या मर्यादेबाहेर गेलेली निघाली. वहीतील आकृत्या सुरेख होत्या, अक्षर वळणदार होते. पण जॉब झाल्यावर घेतलेली मापे कुठेच लिहिलेली नव्हती. ती का नाहीत असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मोजले असते तर परत करावे लागले असते."

माझ्या मते या हकिकतीचा गाभा इथे आहे. ऐंशी टक्के मिळवूनही आयटीआयला गेलो म्हणून नातेवाईक चार लोकांत जे बोलत, ते त्याच्या मनाला फार लागले होते. कार्यशाळेत काळे हात घेऊन उभे राहणे त्याला शिक्षेसारखे वाटत होते आणि म्हणून तो जॉब लवकर उरकून सुटका करून घेत होता. ज्या मित्राशी आई त्याची तुलना करत होती, तो सुट्टीत काकांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करत मोठा झाला होता. त्याचा हात आधीच तयार होता आणि त्याने ते कौशल्य कष्टाने मिळवले होते. हे ऐकल्यावर आईचा सूर बदलला. "ताई, घरी आता टक्क्यांचा विषय काढू नका, त्याने आज काय बनवले ते विचारा," असे मी तिला सांगितले.

मुलाला मी एकच काम दिले. पुढचा जॉब देण्यापूर्वी तो स्वतः मोजायचा, मापे वहीत लिहायची, आणि गुण आल्यावर निदेशकांकडे जाऊन "सर, यात माझे गुण कुठे गेले, ते मला दाखवाल का?" असे विचारायचे. "मला कमी का दिले?" या प्रश्नात आरोप असतो आणि समोरचा माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, म्हणून शब्द आम्ही आधी ठरवून घेतले. पहिल्या वेळी त्याला धीर झाला नाही. दुसऱ्या वेळी निदेशकांनी त्याला बाकापाशी नेले, उभे राहण्याची पद्धत आणि फाईलवरचा हातांचा दाब बदलायला लावला, आणि जवळपास तासभर त्याच्यासोबत थांबले. ज्यांच्याबद्दल तो इतके बोलत होता, त्यांच्याशी त्याचे हे पहिलेच सविस्तर बोलणे होते.

गुण एकदम वाढले नाहीत. पुढचा जॉब साठच्या थोडा वर गेला, त्यानंतरचा पुन्हा घसरला. वर्षअखेरीस तो प्रात्यक्षिकात उत्तीर्ण झाला, गुण सत्तरच्या आत होते, आणि लेखी विषयांत तो वर्गात पुढे होता. दुसऱ्या वर्षी एकमेकांत बसणारे भाग बनवताना ±०.०२ मिमीपर्यंत अचूकता लागते, हे त्यानेच मला फोन करून सांगितले आणि त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

प्रत्येक तक्रार अशी निघते असे मात्र नाही. दुसऱ्या एका व्यवसायातील मुलीच्या हजेरीची नोंद खरोखर चुकलेली होती. तिने आपल्या वहीतील तारखा पुढे ठेवल्यावर ती दुरुस्त झाली. म्हणून ज्यांना अन्यायाची शंका आहे त्यांनी आधी आपला जॉब, वही आणि हजेरीच्या तारखा एकत्र कराव्यात, निदेशकांशी बोलावे, समाधान झाले नाही तर गटनिदेशकांकडे, म्हणजे निदेशकांच्या वरिष्ठांकडे, आणि शेवटी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा. हे सर्व वर्ष चालू असतानाच करावे, कारण तोवर पुढचे जॉब सुधारण्याची संधीही हातात असते.