उपवासकाळात ज्युलियन वाचताना

ज्युलियन ऑफ नॉर्विच ही चौदाव्या शतकातली इंग्लिश ख्रिस्ती साधिका; स्वतःला झालेली सोळा दर्शनं तिनं पुस्तकात लिहून ठेवली. पहिल्यांदाच तिला वाचताय, तर ती सोळाही दर्शनं उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, चाळीस दिवसांत बसवायचा हट्ट धरू नका. मी धरला होता, हाती काहीच लागलं नाही. मे 1373 मध्ये, साडेतीस वर्षांची असताना, मरणाच्या दारात तिला ती दर्शनं झाली आणि त्यांचा अर्थ लावण्यात तिची पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. मग आपल्यालाच एवढी घाई कशाला?

सुरुवात क्रुसापासून करा. काट्यांच्या मुकुटाखालचं रक्त ती कसं पाहते बघा: जोराच्या सरीनंतर वळचणीवरून गळणाऱ्या पागोळ्यांसारखं, कपाळावर पसरताना हेरिंग माशाच्या खवल्यांसारखं गोल. घरातल्या, बाजारातल्या ओळखीच्या गोष्टी! तेवढ्याच एका परिच्छेदावर आठवडाभर थांबलात तरी चालेल. मला तर तिथेच प्रार्थना सापडली.

नंतर तळहातावरच्या हेझलनटएवढ्या वस्तूकडे या. ‘हे काय आहे?’ तिला प्रश्न पडतो. उत्तर येतं, निर्माण केलेलं सारं हेच. इतकं चिमुकलं टिकतं कसं, तर देवाचं त्यावर प्रेम आहे म्हणून.

‘सगळं ठीक होईल’ हे तिचं वाक्य मात्र सुटं उचलू नका. देवानं पाप आधीच का थांबवलं नाही, असं ती कळवळून विचारते, तेव्हा येशूकडून उत्तर म्हणून ते येतं. लहानपणीच तिच्या शहरात प्लेग येऊन गेला होता. आधी तो प्रश्न स्वतः विचारा, उपवासकाळ त्यासाठीच आहे.