शेजाऱ्याचा कुत्रा चावला आणि ठाण्यात ‘एनसी’ लिहून घेतली

प्रश्न : आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा कुत्रा त्यांचा नोकर लिफ्टमधून खाली नेत होता. तो माझ्या आईच्या पोटरीला चावला, रक्त आलं. ‘कुत्र्याला लस दिलेली आहे, इंजेक्शनांचा खर्च देतो, विषय संपवा,’ असं मालक म्हणतात. पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. आता काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मालकाच्या शब्दावर आईची लस टाळू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही भरायचं नाही. रक्त आलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो. त्यात लशीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते राहून गेलं असेल, तर लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. लस स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी, त्वचेत घेतली तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). कुत्रा दहा दिवस नजरेखाली हवा. तो मधेच कुणाच्या गावी पाठवून देतात, म्हणून ही मागणी मालकाकडे लेखी करा.

केसपेपरवर नुसतं ‘डॉग बाइट’ लिहिलेलं पुढे कोर्टात फारसं कामाला येत नाही. कुत्रा पाळीव होता, कोणाचा होता, कुठे आणि किती वाजता चावला, जखमेची लांबी-खोली किती, हे सगळं लिहून घ्या आणि एमएलसी नोंद (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद) करायला सांगा. जखमेचे रोज फोटो काढा. आईला पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा तेवढे दिवस रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तर ती कायद्याने ‘गंभीर दुखापत’ ठरते आणि शिक्षेची मर्यादा वाढते.

आता एनसीबद्दल. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १२५ मध्ये निष्काळजीपणाने केलेली दुखापत येते. ती गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात, आणि एफआयआर व्हायला हवा. लेखी तक्रारीत दोन्ही कलमं घाला. ठाण्यात घेत नसतील, तर तीच तक्रार पोलीस आयुक्तांना पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. तिथेही काही हललं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. २९१ साठी मुदत एक वर्षाची आहे. तडजोडीच्या गप्पांमध्ये ती निघून जाते.

२९१ मध्ये शब्द ‘ताब्यातलं’ जनावर असा आहे. त्या क्षणी साखळी नोकराच्या हातात होती, म्हणून तक्रारीत त्याचं नावही येईल. पण नुकसानभरपाईच्या दाव्यात नोकराच्या कामातल्या चुकीचा भार मालकावर येतो, हे विसरू नका.

सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच सोसायट्यांत काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. सेक्रेटरींना आजच पत्र द्या. चित्रणाच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, चित्रण खरं असल्याचं प्रमाणपत्र लागतं. वरळीतल्या एका इमारतीत २०१८ मध्ये असाच लिफ्टमध्ये चावा झाला होता. २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. एवढा वेळ लागतो, म्हणूनच कागद टिकवायचे.

पैशांचं म्हणाल, तर दंड सरकारजमा होतो. शिक्षा सुनावताना कोर्ट भरपाईचा आदेश देऊ शकतं, पण मोठ्या रकमेसाठी वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हाच रस्ता, साधारण तीन वर्षांच्या आत. औषधं, बुडालेली मजुरी किंवा पगार, रिक्षाभाडं, राहिलेला व्रण, वेदना, सगळं मागता येतं. निष्काळजीपणा सिद्ध करायला जुनी गाऱ्हाणी फार उपयोगी पडतात : हाच कुत्रा आधी कुणाच्या अंगावर गेला होता का, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं होतं का? असल्यास ते मेसेज आजच जपून ठेवा. महिलांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आईच्या नावाने अर्ज करा.

आणि तडजोड करायचीच असेल, तर शेवटचा डोस होईपर्यंत ‘माझी तक्रार नाही’ अशा कुठल्याही कागदावर सही नको.

प्रश्न : मी मीटर रीडिंग घेतो. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी होती, तरी आत गेलो आणि चावा बसला. आता हक्क गेला का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. तुम्ही कामासाठी गेला होतात. घरात कुणी यायचं आहे हे माहीत असताना कुत्रा मोकळा ठेवणं आणि पाटी लावून हात झटकणं, याला पुरेशी खबरदारी म्हणता येत नाही. उलट, कुत्रा चावरा आहे हे मालकाला ठाऊक होतं, असं त्याच पाटीवरून मांडता येतं. तिचा फोटो काढा. मात्र बेल न वाजवता कडी काढून गेला असाल, तर तुमचाही दोष मोजला जाईल आणि रक्कम कमी होईल.

प्रश्न : एका दातामागे दहा हजार मिळतात, हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा २०२३ चा निर्णय. तो मोकाट जनावरांबद्दल आणि त्या भागापुरता आहे, पैसे सरकारने द्यायचे आहेत. शेजाऱ्याकडे हा दर मागू नका.