फणसाचा चीक, काजूचा डिंक आणि हॅमॉकचे पट्टे

प्रश्न : मे महिन्यात आमच्या कुळागरात मुलांनी एका बाजूला फणस आणि दुसऱ्या बाजूला काजू अशा दोन झाडांमध्ये हॅमॉक बांधला होता. वडिलांनी त्याच झाडावरचे दोन फणस कोयत्याने उतरवले, तेव्हा देठांतून निथळलेला चीक खोडावरून ओघळत पट्ट्यावर आला. दुसऱ्या पट्ट्याला काजूच्या सालीवरचा मधाच्या रंगाचा डिंक चिकटला. कढत पाण्यात साबण घालून दोन्ही पट्टे घासले, तर काजूकडचा अर्धाअधिक स्वच्छ झाला, फणसाकडचा मात्र अधिकच रबरासारखा झाला. मग सॅनिटायझर लावून पाहिले, तेव्हा उरलेला डिंकही पांढरट आणि कडक झाला. पट्टे पॉलिस्टरचे आहेत. आता रॉकेल किंवा ॲसिड वापरावे का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : दोन्ही वापरू नयेत. आपल्याला आलेल्या अनुभवातच या प्रश्नाचे उत्तर आहे. झाडातून जे जे चिकट बाहेर येते त्याला आपण सरसकट चीक म्हणतो, परंतु डिंक, चीक आणि राळ हे तीन निरनिराळे पदार्थ असून एकाला विरघळवणारी वस्तू दुसऱ्याला घट्ट करू शकते. काजूचा डिंक बाभळीच्या डिंकासारखाच पाण्यात फुगतो आणि हळूहळू विरघळतो. अल्कोहोलमध्ये तो विरघळत नाही, उलट त्यातले पाणी ओढले गेल्यामुळे साकळतो. सॅनिटायझरने तो पांढरा पडला तो यामुळेच. फणसाच्या चिकात रबरासारखे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना धरून बसतात आणि मग साध्या पाण्याला दाद देत नाहीत. कढत पाण्याने तर तो मऊ होऊन विणीत आणखी खोल शिरतो.

काजूकडच्या पट्ट्याचे काम सोपे आहे. कोमट पाण्यात तो रात्रभर बुडवून ठेवावा आणि पाणी एकदा बदलावे. सकाळी डिंक जेलीसारखा फुगलेला दिसेल, तो जुन्या टूथब्रशने विणीच्या दिशेने घासून काढावा. सॅनिटायझरने कडक झालेला भागही असाच सुटतो, फक्त वेळ अधिक लागतो.

फणसाच्या चिकाचा उपाय आपल्या घरात पूर्वीपासून आहे. फणस फोडायला बसण्यापूर्वी हातांना आणि विळीच्या पात्याला खोबरेल तेल लावतात. तेच तेल येथे उपयोगी पडते. प्रथम पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे चीक ताठर होतो आणि वरचा जाड थर चमच्याच्या मागच्या कडेने उचलता येतो. सुरीचा मोह टाळावा, कारण पात्याने तुटलेला एकेक धागा पुढे संपूर्ण पट्ट्याला कमजोर करतो. नंतर उरलेल्या डागावर खोबरेल तेल मुरू देऊन अर्ध्या तासाने अंगठ्याने चोळावे. चीक बारीक वळ्या होऊन सुटू लागेल. त्या वळ्या सुती फडक्याने टिपून पुन्हा तेल लावावे. जुना डाग असेल तर हे तीन-चार वेळा करावे लागते आणि तेवढा धीर धरावाच.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे तेल पूर्णपणे काढणे. तेलकट पट्टा बकलातून सरकू शकतो आणि त्यावर धूळ बसून ती धाग्यांना आतून घासत राहते. भांडी घासायचा द्रव साबण तेलाच्या जागी थेट लावून, कोमट पाण्याने दोनदा धुवावे आणि पट्टा सावलीत वाळवावा. कडक उन्हातील अतिनील किरणे पॉलिस्टर आणि नायलॉन दोन्हींना हळूहळू कमजोर करतात.

रॉकेलने चीक निघतो हे खरे, परंतु त्याचा वास पट्ट्यात टिकून राहतो आणि ते पेट घेणारे द्रव्य आहे. खोबरेल तेलाने काम होत असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही. शौचालय साफ करण्याच्या ॲसिडने नायलॉनचे धागे खराब होतात, म्हणून पट्टा नेमका कशाचा आहे याची खात्री नसताना ते त्याच्या जवळही नेऊ नये. मी इतके बजावतो त्याचे कारण असे की हे पट्टे माणसाचे वजन पेलतात. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर झोपणाऱ्याच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. ताणून बांधल्यामुळे कोन 15 अंशांवर आला, तर हा ताण जवळपास दुप्पट होतो.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. काजूच्या बुंध्यातून डिंक पाझरत असेल आणि त्याच्याजवळ लाकडाचा भुसा दिसत असेल, तर ती खोड पोखरणाऱ्या किडीची खूण असू शकते. अशा झाडाची मुळे व बुंधा आतून पोकळ होत जातात. पट्टा धुण्यापूर्वी कृपया एकदा त्या झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहावे, आणि भुसा आढळल्यास तेथे हॅमॉक बांधू नये.

प्रश्न : हिमाचलमध्ये ट्रेकला गेलो असता चिडाच्या (पाइनच्या) झाडाला हॅमॉक बांधला होता. पट्ट्याला लागलेला चिकट पदार्थ पाण्याने आणि साबणाने हलत नाही. काय करावे?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : ही राळ आहे, आणि वरील वाचकांना निरुपयोगी ठरलेले सॅनिटायझर येथे कामाला येते, कारण राळ पाण्यात नव्हे तर अल्कोहोलमध्ये विरघळते. अल्कोहोलयुक्त द्रव सॅनिटायझर घ्यावे, घट्ट जेल नको. आधी पट्टा फ्रीझरमध्ये ठेवावा. राळ थंडीने ठिसूळ होते आणि पट्टा दुमडताच तिचे तुकडे उडतात. उरलेल्या डागावर सॅनिटायझरने भिजवलेले फडके दाबून ठेवावे व टिपून घ्यावे, घासून पसरवू नये. पट्ट्याचा रंग उतरतो का हे आधी टोकाकडच्या इंचभर जागेवर पाहावे, आणि हे काम विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत करावे. शेवटी साबणाने धुवावे.

पुढच्या वेळी दोन्ही वाचकांनी खोड आणि पट्टा यांच्यामध्ये गोणपाटाचा दुमडलेला तुकडा घालावा. त्याने पट्टा वाचतो आणि झाडाची सालही सोलवटत नाही. माडाच्या खोडाला असा चीक नसतो, पण माथ्यावर नारळ असताना त्याखाली कोणालाही झोपवू नये. पोफळीला तर हॅमॉक बांधूच नये, तिचे खोड या ओढीसाठी फार बारीक असते. धुतलेले पट्टे वापरण्यापूर्वी संपूर्ण लांबी बोटांखालून सरकवून पाहावी. कुठे धागे पिंजलेले, शिवण उसवलेली किंवा एखादा भाग ताठ व चकचकीत लागला, तर तो पट्टा कपडे वाळत घालायला घ्यावा आणि हॅमॉकसाठी नवा आणावा.