इंटरनेट फोन बसवला, रिंग वाजते, पण समोरच्याचा आवाज येत नाही. कुठे चुकतंय?

चूक बहुतेक वेळा फोनमध्ये नसते, राउटरमध्ये असते. कॉल जोडण्याचं काम एसआयपी हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांची ठरलेली पद्धत, करतो (सहसा पोर्ट ५०६०), पण आवाज वेगळ्या वाटेने, आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या पॅकेटांमधून जातो. तुमचा फोन पलीकडे ऑफिसच्या नेटवर्कमधला खाजगी आयपी पत्ता कळवतो, १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि त्या पत्त्यावर बाहेरून काहीच पोहोचत नाही. म्हणून तुमचं बोलणं तिकडे जातं, तिकडचं तुमच्यापर्यंत येत नाही.

आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपीच्या संदेशांतले पत्ते मधेच बदलणारी सोय) बंद करा. ते मदतीसाठी दिलेलं असतं, पण बऱ्याच राउटरांत तेच पत्ते बिघडवतं. मग ॲस्टरिस्क (ऑफिसचे फोन जोडणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात बाहेरचा पत्ता आणि आतलं नेटवर्क नीट भरा, आरटीपीचे यूडीपी पोर्ट (नमुना फाइलीत १०००० ते २००००) फायरवॉलमध्ये उघडा. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा, नाहीतर नेमकं कशाने जमलं ते कळतच नाही.

आवाज तुटत असेल तर अपलोड बघा. जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीला एका कॉलमागे प्रत्येक दिशेला सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. तेवढे असतात, पण कुणी मोठी फाइल चढवत असेल तर आवाज अडतो. राउटरमध्ये व्हॉइसला प्राधान्य द्या.

आणि कृपा करून एक्स्टेन्शन १०० चा पासवर्ड १०० ठेवू नका. असे फोन शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत फिरत असतात. एका रात्रीत परदेशी कॉलचं प्रचंड बिल येऊ शकतं. गरज नसेल तर आंतरराष्ट्रीय कॉल आजच बंद करा.