नाचासाठीचे संगीत, बसून ऐकताना

गेल्या अंकातील इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावरील लेखानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच अनुभवाभोवती फिरणारी आहेत: आवडत्या प्रोड्यूसरचा, म्हणजे आवाज जुळवून ट्रॅक घडवणाऱ्या कलाकाराचा, नवा अल्बम आला, उत्सुकतेने ऐकला, आणि काहीतरी खटकले. खटकलेली गोष्ट मात्र प्रत्येकाची वेगळी आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : ज्यांचे सिंगल्स, म्हणजे सुटे प्रसिद्ध होणारे ट्रॅक, मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे, अशा एका प्रोड्यूसरचा नवा अल्बम नुकताच ऐकला. बारा ट्रॅकपैकी पाच आधीच सुटे प्रसिद्ध झालेले, आणि उरलेल्यांतील तीन तर ठेका नसलेले, जेमतेम दोन-दोन मिनिटांचे. हे संगीत जर एकेका ट्रॅकचेच असेल, तर अल्बम काढण्याचा अट्टहास कशासाठी?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण या संगीताची वाढ खरोखरच सुट्या ट्रॅकच्या रूपात झाली. १९७०च्या दशकाच्या मध्यास डिस्कोच्या काळात बारा इंची सिंगल रूढ झाली. एवढ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर एकच ट्रॅक असल्यामुळे खाचा रुंद कापता येत, आणि रुंद खाचेत खालच्या पट्टीतला दणदणीत आवाज नीट मावत असे. १९८०च्या दशकात शिकागोतील हाउस आणि डेट्रॉइटमधील टेक्नो या नृत्यसंगीताच्या शैली अशाच तबकड्यांच्या आधारे पसरल्या. डीजेला अल्बमची गरज नसते. त्याला हवा असतो तो आधीच्या ट्रॅकला जोडता येईल आणि पुढच्याला वाट करून देईल असा एक ट्रॅक. रात्रभरात कशानंतर काय वाजवायचे, हे तो समोरच्या गर्दीकडे पाहून ठरवतो.

अल्बममध्ये हा क्रम प्रोड्यूसर स्वतः लावतो, आणि अल्बम काढण्याचे सबळ कारण माझ्या मते हेच आहे. १९७७ साली आलेला गायिका डॉना समर यांचा ‘आय रिमेंबर यस्टरडे’ हा अल्बम पाहा. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या प्रोड्यूसरांनी त्यात मागच्या दशकांच्या वळणाची गाणी रचली आणि शेवटची जागा भविष्यकाळासाठी राखून ठेवली. त्या जागेवर आले ते ‘आय फील लव्ह’. गायिकेचा आवाज आणि मुख्य ड्रम वगळता त्यातले जवळजवळ सारे काही मूग सिंथेसायझर या विजेवर आवाज निर्माण करणाऱ्या वाद्यातून निघालेले आहे. हे गाणे सुटे ऐकले तरी थक्क करते. परंतु जुन्या धाटणीची गाणी ओळीने ऐकून झाल्यावर, कानाला वाद्यवृंदाची सवय लागलेली असताना, तो यांत्रिक आणि तरीही विलक्षण जिवंत खर्ज सुरू होतो, तेव्हा आपण एका काळातून उठून दुसऱ्या काळात येऊन बसल्यासारखे वाटते. हा परिणाम सिंगलला साधता येत नाही.

ठेका नसलेल्या दोन मिनिटांच्या तुकड्यांना आपण भरताड समजू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. मिनिटाला १२४ ठोक्यांचा एक ट्रॅक संपला आणि पुढचा १४० ठोक्यांचा असला, तर डीजे गती हळूहळू चढवत नेतो. अल्बममध्ये तशी सोय नसते. ठेका पूर्ण थांबवून, नुसत्या लांबलेल्या सुरांवर कानाला आधीची गती विसरायला लावली, की नवी गती धक्का न देता सुरू होते. आपल्या अल्बममधील ते तीन तुकडे कोणत्या दोन ट्रॅकच्या मध्ये येतात आणि त्या ट्रॅकच्या गती काय आहेत, हे एकदा मोजून पाहावे. दोन्हीकडची गती आणि मूळ स्वर एकच निघाले, तर मात्र आपली तक्रार खरी मानायला हवी.

आधी प्रसिद्ध झालेल्या पाच ट्रॅकविषयीही एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या २०१३ सालच्या ‘रँडम अॅक्सेस मेमरीज’ या अल्बममधील ‘गेट लकी’ हे गाणे रेडिओसाठी सुमारे चार मिनिटांचे होते, तर अल्बममध्ये ते सहा मिनिटांचे आहे, आणि त्या वाढीव दोन मिनिटांत गिटार आणि बास यांना मोकळेपणाने खेळायला जागा मिळते. त्याच अल्बममध्ये मोरोडर यांच्या स्वतःच्या निवेदनावर बांधलेला नऊ मिनिटांचा एक ट्रॅक आहे. सिंगल म्हणून तो क्वचितच कोणी काढला असता. या अल्बमला २०१४ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. आपण घेतलेल्या अल्बममध्ये सिंगल्स एका सेकंदाचाही फरक न करता जशाच्या तशा ओतल्या असतील आणि क्रमालाही काही अर्थ नसेल, तर तो संग्रह आहे, आणि त्याच्याकडून संग्रहापेक्षा अधिक अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : अल्बमसोबत प्रत्येक ट्रॅकची ‘एक्स्टेंडेड’, म्हणजे लांबवलेली, आवृत्तीही निघाली आहे. तिच्यात सुरुवातीचा मिनिटभर नुसता ठेका आहे आणि शेवटी पुन्हा तेच. यात ऐकण्यासारखे काय आहे?

उत्तर : हा मिनिट योगायोगाने आलेला नाही. चार ठोक्यांचा एक बार धरला, तर ३२ बार म्हणजे १२८ ठोके होतात; ट्रॅकची गती मिनिटाला १२८ ठोके असेल, आणि या संगीतात ती फार आढळते, तर ३२ बार बरोबर एका मिनिटात संपतात. या मिनिटात आधीचा ट्रॅक अजून वाजत असतो. डीजे नव्या ट्रॅकचा ठेका जुन्याच्या ठेक्यावर तंतोतंत बसवतो, मग जुन्याचा खर्ज कमी करून नव्याचा खर्ज आत घेतो, कारण दोन्ही खर्ज एकत्र वाजले तर नुसता गदारोळ होतो. सुरुवातीला सूर असते, तर ते जुन्या ट्रॅकच्या सुरांशी भांडले असते. म्हणून तिथे ठेकाच ठेवतात. घरी ऐकण्यासाठी अल्बममधील छोटी आवृत्तीच योग्य. एक्स्टेंडेड आवृत्ती हे डीजेच्या हाती द्यायचे साहित्य आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे गायन शिकवले आहे. नातीने ऐकवलेल्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावर प्रोड्यूसरचे नाव ठळक होते आणि गायिकेचे नाव शोधावे लागले. हा मनुष्य गात नाही, आणि नातीच्या सांगण्याप्रमाणे कोणते वाद्यही वाजवत नाही. मग त्याचे काम नेमके कोणते, आणि कलावंत कोणाला म्हणायचे?

उत्तर : आपल्यासारख्या गुरुजनांनी हा प्रश्न विचारला याचा आनंद वाटला, कारण आपला कान तयार आहे आणि पुढे सांगतो ती गोष्ट आपल्याला लगेच ऐकू येईल. नातीकडून चांगले हेडफोन मागून घ्यावेत आणि अल्बममधला भरगच्च, जोरकस असा एखादा भाग लावावा. किक, म्हणजे तो खालचा धप्प असा ठोका, सोडून द्यावा आणि मागे पसरलेल्या लांब सुरांकडे लक्ष द्यावे. प्रत्येक ठोक्याच्या क्षणी ते सूर दबतात आणि पुढच्या ठोक्यापर्यंत पुन्हा फुगून वर येतात, जणू सारे संगीत श्वास घेत आहे. याला साइडचेन कॉम्प्रेशन म्हणतात. किकचा आवाज आला, की बाकीच्या सुरांची पातळी आपोआप खाली येईल, अशी ती योजना असते. मूळ हेतू एवढाच, की किकला जागा मिळावी. पण नृत्यसंगीताने त्यातून एक डोल निर्माण केला. १२८ च्या गतीत दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर असते, आणि त्या अंतरात सूर किती लवकर वर यावा, हे प्रोड्यूसर सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागेपुढे करून ठरवतो. लवकर वर आला तर डोल जाणवत नाही, उशिरा आला तर ट्रॅक धापा टाकू लागतो. सुरांच्या जागा बदलल्या नाहीत, शब्द बदलले नाहीत, तरी चाल बदलते. हे काम कानाचेच आहे, आणि ते करणाऱ्याला कलावंत म्हणण्यात मला काडीचाही संकोच वाटत नाही.

आणखी एक उदाहरण इतिहासातले आहे. रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचे छोटे यंत्र काढले. गिटारवादकाला सरावासाठी बास गिटारची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंद झाले. शिकागोतील फ्यूचर या त्रयीने असे एक जुने, आधी कोणी वापरलेले यंत्र घेतले, त्यात एक छोटी स्वरावली फिरत ठेवली आणि ती वाजत असताना फिल्टरची, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी, बटणे पिळायला सुरुवात केली. स्वर तेच राहिले. त्यांचा पोत मात्र पाण्यासारखा वाहू लागला. १९८७ साली ‘अॅसिड ट्रॅक्स’ या नावाने हे ध्वनिमुद्रण बाहेर आले आणि अॅसिड हाउस ही शैली जन्माला आली. एकच स्वर किती रंगांनी लावता येतो, हे आपण आयुष्यभर शिष्यांना दाखवले असेल. या मंडळींनी तो शोध बटणांवर घेतला.

गायिकेच्या नावाविषयीची आपली तक्रार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. २०१३ साली गाजलेल्या ‘वेक मी अप’ या गाण्याच्या मुखपृष्ठावर अवीची या स्वीडिश प्रोड्यूसरचेच नाव होते. ज्यांच्या आवाजाने ते गाणे घरोघरी पोहोचले, ते अलो ब्लॅक अनेक श्रोत्यांना बराच काळ नावाने माहीतही नव्हते. प्रोड्यूसरचे नाव ठळक असावे, पण आवाज देणाऱ्याचे नाव शोधावे लागू नये.

प्रश्न : नव्या अल्बममध्ये अकूस्टिक गिटार आणि लोकगीतांसारखे गायन आहे. आमच्या गटातील सर्वांचे मत असे, की हा प्रोड्यूसर आता संपला. आपले मत काय?

उत्तर : घाई करू नये, एवढेच. वर उल्लेख केलेल्या अवीचीने मार्च २०१३ मध्ये मायामीच्या अल्ट्रा या नृत्यसंगीत महोत्सवात आपल्या आगामी अल्बममधील गाणी प्रत्यक्ष वादक आणि गायक मंचावर आणून सादर केली, तेव्हा नाचायला आलेली गर्दी गोंधळली आणि नाराजीही उघड दिसली. त्याच वर्षी ‘ट्रू’ हा अल्बम आला, आणि त्यातील ‘वेक मी अप’ अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गाजले म्हणून ते चांगले, असे मी म्हणत नाही. पण गिटार निघून गेल्यावर येणारा ठेका त्या गिटारच्याच चालीतून उगवतो, की दोन वेगळी गाणी एकमेकांना चिकटवल्यासारखी वाटतात, यावर मत बनवावे. ‘ट्रू’मध्ये पहिली गोष्ट घडते.

प्रश्न : अल्बमच्या श्रेयनामावलीत जुन्या ध्वनिमुद्रणांतील ‘सॅम्पल’ वापरल्याचे लिहिले आहे. दुसऱ्याचे संगीत कापून आपल्या अल्बममध्ये लावणे ही चोरी नव्हे काय?

उत्तर : श्रेयनामावलीत उल्लेख आहे, याचा अर्थ बहुधा परवानगी घेतलेली आहे. ही परवानगी दोन ठिकाणांहून लागते: रचनेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून. दोन्ही मिळाल्या आणि मोबदला दिला गेला, तर चोरीचा प्रश्न उरत नाही.

तरीही आपल्या प्रश्नामागे असलेली अस्वस्थता मी झटकून टाकणार नाही. द विन्स्टन्स या वाद्यवृंदाने १९६९ साली ‘आमेन, ब्रदर’ हे गाणे एका सिंगलच्या मागच्या बाजूवर घातले. त्यात मध्येच बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन चार बार, म्हणजे सुमारे सात सेकंद, एकटे ड्रम वाजवतात. हे सात सेकंद पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत वापरले गेले. त्यांचे ठोके सुटे करून, वेग वाढवून, उलटसुलट जोडून १९९०च्या दशकात जंगल आणि ड्रम अँड बास या शैली उभ्या राहिल्या. कोलमन २००६ साली वारले. त्या वादनाच्या या पुनर्वापराबद्दल त्यांना मानधनाचा एक पैसाही मिळालेला नव्हता. वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढली आणि सुमारे २४ हजार पौंड जमले. सात सेकंदांतून एवढे नवे संगीत निघाले, हे मी मनापासून मोठे मानतो. आणि ज्या हातांनी ते वाजवले, त्या हातांत काहीच पडले नाही, हे मला आजही टोचते. म्हणून आपल्याला श्रेयनामावली वाचायची सवय आहे, ती सोडू नये. तिथे सापडलेले मूळ गाणे शोधून एकदा पूर्ण ऐकावे.

प्रश्न : सर्वत्र वाखाणलेला अल्बम मी फोनवर ऐकला, पण मला तो पोकळ वाटला. पुन्हा ऐकावा काय?

उत्तर : जरूर ऐकावा, पण फोनच्या स्पीकरवर नको. किकचा मूळ आवाज साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि फोनचा चिमुकला स्पीकर त्या पट्टीत जवळजवळ मुकाच असतो. चतुर प्रोड्यूसर खर्जाच्या वरच्या स्वरांशांना उठाव देतात, त्यामुळे प्रत्यक्षात न वाजलेला खालचा स्वर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. तरी त्याने फक्त अंदाज येतो, भार येत नाही. हेडफोन लावावेत किंवा बऱ्यापैकी मोठे स्पीकर मिळवावेत, आवाज बेताचा ठेवावा, अॅपमधील शफल, म्हणजे ट्रॅकचा क्रम उलटसुलट करणारी सोय, बंद करावे आणि दोन ट्रॅक एकमेकांत मिसळणारी क्रॉसफेडची सोय शून्यावर आणावी, म्हणजे ट्रॅकच्या मधल्या जागा प्रोड्यूसरने ठेवल्या तशाच ऐकू येतील.