तुमच्याकडं खायला नव्हतं का?

सोनू, परवा जेवताना तू विचारलंस, "बाबा, लहानपणी तुमच्याकडं खायला नव्हतं का, म्हणून आज्जी चिमीच्या मागं वाटी घेऊन लागते?" आज्जी समोरच होती म्हणून मी गप्प बसलो, पण ते लागलं मला.

मी उपाशी नव्हतो रे. परभणीकडं आपल्या घरात ज्वारी होती, म्हैस होती. आज्जी गरम भाकरीचा वरचा पापुद्रा सोलायची, वरणात कुस्करून वर तूप सोडायची आणि कुठं कडक तुकडा राहिला का ते बोटांनी चाचपून बघायची. छकुआत्या झाल्यावर तो पापुद्रा तिला आणि मला खालची जाड बाजू, जाम राग यायचा. पण 1972 च्या दुष्काळात आज्जी नवी नवरी होती, खडी फोडायला जायची, परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेल्या सुकडीवर दिवस काढले त्यांनी. लेकरं कशी सुकतात ते तिनं बघितलंय, म्हणून तिचा हात थांबत नाही.

आणि पुष्कळ गोष्टी तिच्या बरोबरच आहेत. चिमीचं पोट एवढंसं, म्हणून थोडं थोडं, सारखं सारखं आणि तुपासकट. सहा महिने नुसतं आईचं दूध पुरतं, पुढं त्यातलं लोह कमी पडतं. अमेरिकेतल्या तक्त्यात 7 ते 12 महिन्यांच्या बाळाला रोज 11 मिलिग्रॅम लोह लागतं आणि माझ्यासारख्या माणसाला 8, म्हणजे एवढ्याशा चिमीला माझ्यापेक्षा जास्त! आज्जी वरणावर लिंबू पिळते ना, त्यानं डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. अंडं मात्र मीच सुरू केलं.

मधाचं बोट चाटवू दिलं नाही मी, वर्षाच्या आत मधातल्या जंतूंनी बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. "तुला चाटवलाच होता की," म्हणाली आणि उठून गेली. गाईच्या दुधाचंही तेच, वर्षाच्या आत प्यायला नको, पुढंही अर्ध्या लिटरच्या वर नको, दुधानंच पोट भरतं आणि लोह राहून जातं. म्हशीच्या दुधावर लेकरं वाढवलेल्या बाईला हे पटवणं अवघड आहे.

एक मला खरंच पटत नाही, चिमीनं तोंड फिरवल्यावरचा तो "आणखी एक घास". मी तसाच वाढलो आणि पोट भरलं तरी अजून मला ताटात काही टाकता येत नाही. ते बरं की वाईट, माहीत नाही. तू हे सगळं मानावंस असं नाही. पण चिमीला भरवावंसं वाटलं तर आज्जीजवळ बस, पापुद्रा कसा सोलायचा ते बघ, आणि चिमीनं तोंड फिरवलं की थांब. आज्जीला मी सांगतो.